सूट नियमाला, झोपेला नाही

सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात माझी रात्रपाळी होती. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमची टीम अमेरिकेतल्या ट्रक कंपन्यांसाठी एक ॲप सांभाळते. ट्रक कधी सुरू झाला, ड्रायव्हर किती तास चालवतोय, आज त्याचे किती तास शिल्लक आहेत, हे सगळं त्यात नोंदलं जातं. २६ सप्टेंबरच्या रात्री ‘हेलिन’ चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं. दुसऱ्या दिवशी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात, नद्यांनी गावंच्या गावं धुऊन नेली. ॲशव्हिल शहराचं नळाचं पाणी बंद झालं. टेनेसीकडे जाणाऱ्या इंटरस्टेट ४० महामार्गाचा पिजन नदीच्या घळीतला भाग वाहून गेला. या वादळात दोनशेहून अधिक माणसं मेली.

आमच्याकडे आलेलं काम मात्र दोन ओळींचं होतं. आपत्तीची सूट लागू झाली आहे, मदतीचा माल नेणाऱ्या ट्रकसाठी तासांचे इशारे बंद करा. मी ते दीड तासात करून दिलं. एक बटण ठेवलं. ते दाबलं की लाल पट्टी, भोंगा, शिल्लक तासांचा आकडा, सगळं पडद्यावरून जायचं आणि तिथे एकच शब्द यायचा : ‘सूट’. टेस्टिंग झालं, कोड लाइव्ह गेला, मी चहा प्यायला खाली उतरलो.

चार दिवसांनी एका ड्रायव्हरची तक्रार फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. त्याचं म्हणणं साधं होतं. सूट आहे हे कळलं. पण मी किती तास चालवतोय हे दाखवणं का बंद केलं? मला ते बघायचंय.

त्या तक्रारीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून या सुटीबद्दल मी जे वाचलं आणि त्यातून माझं जे मत झालं, ते इथे मांडतो आहे.

आधी मूळ नियम. अमेरिकेत माल वाहणाऱ्या ड्रायव्हरच्या तासांवर १९३० च्या दशकापासून केंद्र सरकारची मर्यादा आहे. आजचा नियम असा : सलग १० तास विश्रांती घेतल्यावरच कामावर यायचं. त्यानंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची आणि तीही कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत. ८ तास चालवून झाल्यावर किमान ३० मिनिटांचा खंड घ्यायचा. शिवाय ८ दिवसांत ७० तासांची एकूण मर्यादा आहेच. पूर्वी हे सगळं कागदी वहीत लिहिलं जायचं आणि ती वही कशी लिहिली जायची हे कोणत्याही देशातल्या ड्रायव्हरला विचारा, तो हसेल. म्हणून डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकना इंजिनाला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचं झालं. चाकं फिरली की घड्याळ चालू. आमचं ॲप या यंत्राशी बोलतं.

हा नियम नुसता ड्रायव्हरच्या सोयीसाठी नाही. पूर्ण भरलेला अमेरिकन ट्रक ८० हजार पौंडांचा, म्हणजे साधारण ३६ टनांचा असतो. तो चालवणाऱ्याला डुलकी लागली तर शेजारच्या लेनमधल्या कुटुंबाचं काय होईल, याचा हा हिशेब आहे.

मग वादळ आलं की हा नियम सैल का करायचा? कारण आपत्तीत तो खरोखर आडवा येतो. समजा, ड्रायव्हर पिण्याचं पाणी घेऊन निघाला. महामार्ग वाहून गेलेला, म्हणून दोन-तीन तासांचा वळसा पडला. पोहोचला तर मदत केंद्रासमोर ट्रकची रांग. रांगेत तो गाडी चालवत नसला तरी १४ तासांचं घड्याळ थांबत नाही. माल उतरवायला अर्धा तास उरला असताना त्याचे तास संपतात. नियमाप्रमाणे त्याने तिथेच १० तास थांबायचं आणि पाण्याच्या बाटल्या गाडीतच राहायच्या. हेलिनच्या पुरात नॉर्थ कॅरोलायनातला बॅक्स्टर कंपनीचा सलाईनचा कारखाना बुडाला. अमेरिकेत लागणाऱ्या सलाईनपैकी सुमारे ६० टक्के माल एकट्या त्या कारखान्यातून येत होता. त्यामुळे दूरदूरच्या इस्पितळांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. अशा वेळी ‘नियम म्हणजे नियम’ म्हणणारा माणूस मला निष्ठुर वाटतो. सूट असायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अमेरिकन कायद्यात ही सूट आधीच लिहून ठेवलेली आहे, हे मला आवडलं. आपत्ती आल्यावर कुणा साहेबाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. राष्ट्राध्यक्षांनी किंवा राज्याच्या गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केली की ती आपोआप लागू होते. पण तिच्याभोवती कुंपण आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

पहिलं कुंपण कामाचं. आपत्तीत थेट मदत करणाऱ्यालाच सूट मिळते. ट्रकभर नेहमीचा दुकानाचा माल आणि कोपऱ्यात पाण्याची चार खोकी, असं चालत नाही. जीव आणि मालमत्तेवरचा तातडीचा धोका टळल्यानंतरचं दीर्घकाळाचं बांधकामही यात बसत नाही.

दुसरं कुंपण मुदतीचं. राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनंतर ३० दिवस. गव्हर्नरच्या घोषणेनंतरही पूर्वी ३० दिवसच होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम बदलून ते १४ वर आणले आणि अशा घोषणेतून मिळणारी आपोआप सूट फक्त तासांच्या मर्यादेपुरती ठेवली. त्याआधी कोणतीही घोषणा झाली की ट्रकच्या तपासणी-देखभालीचे नियमही त्याच फटक्यात सैल व्हायचे. वादळ आलं म्हणून ब्रेक तपासायचे नाहीत, याला तसं काही कारण नव्हतं.

तिसरं कुंपण माणसाचं. सूट असली तरी ट्रकचा परवाना लागतोच, दारू आणि अमली पदार्थांची चाचणी टळत नाही. मदतीचं काम संपवून नेहमीच्या कामावर परतताना एकूण १४ तास झाले असतील तर आधी १० तासांची विश्रांती घ्यावी लागते. सुटीच्या घोषणांमध्ये असंही लिहिलेलं असतं की थकलेल्या ड्रायव्हरला कंपनीने गाडी चालवायला लावू नये.

कागदावर हे उत्तम आहे. माझं भांडण कागदाशी नाही. कागद आणि रस्ता यांच्यामध्ये काय होतं, त्याच्याशी आहे.

पहिली गोष्ट मुदतीची. १३ मार्च २०२० रोजी कोविडमुळे तासांची सूट पहिल्यांदाच संपूर्ण अमेरिकेत लागू झाली. सुरुवातीच्या आठवड्यांत ती गरजेची होती. पण ती वाढत गेली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. कोणता माल तिच्यात बसतो, ती यादीही बदलत राहिली. ती संपली ऑक्टोबर २०२२ मध्ये. म्हणजे ३१ महिने. शेवटी शेवटी ती वापरणाऱ्या कंपन्यांनी दर महिन्याला तसं कळवावं, अशी अट आली. जी अट पहिल्या दिवशी हवी होती, ती यायला दीड वर्ष लागलं. ‘तात्पुरतं’ हा शब्द आपण भारतीयांनी पुरेसा ऐकलेला आहे. तो कुठेही गेला तरी असाच वागतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तासांचा नियम ड्रायव्हरच्या वतीने ‘नाही’ म्हणतो. रात्री डिस्पॅचरचा फोन येतो, अजून एक खेप मार. ड्रायव्हर म्हणतो, माझे तास संपले. डिस्पॅचरला वाईट वाटायचं कारण नाही, कारण नकार यंत्राने दिलेला असतो. सूट लागू झाली की यंत्र गप्प होतं. आता नकार द्यायचा तर तो त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने द्यायचा. तोही कधी? टीव्हीवर छपरावर बसलेली माणसं दिसत असताना. ‘मी थकलोय’ म्हणणारा माणूस अशा वेळी स्वार्थी दिसतो. उद्या कंपनी त्याला कामच कमी देईल, ही भीती वेगळी.

त्यात पैशाचा भाग आहे. अमेरिकेतले बरेच ट्रक ड्रायव्हर मैलावर पैसे घेतात. चाकं फिरली तर मजुरी, रांगेत उभे राहिलात तर बहुधा नाही. आठवड्याला ४० तासांच्या वर दीडपट मजुरी, हा जो अमेरिकेतला सर्वसाधारण नियम आहे, त्यातूनही राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरना केंद्रीय कायद्याने वगळलेलं आहे. म्हणजे वादळाच्या काळात त्यांच्या तासांवरची मर्यादा उठते, पण जादा तासांचा जादा मोबदला कायद्याने मिळत नाही. नियम सैल होतो तो फक्त एका बाजूने.

हे सगळं मला वाचूनच कळायला हवं होतं असं नाही. माझे अब्बा ट्रक ड्रायव्हर होते. २००५ च्या पावसाळ्यात, अमेरिकेत कतरिना यायच्या काही आठवडे आधी, कृष्णेला पूर आला होता. आमचं घर मिरजेत. मी तेव्हा शाळेत होतो. अब्बा सोलापूरकडून जनावरांसाठी कडबा आणि माणसांसाठी बिस्किटं आणत होते. दोन रात्रींत तीन खेपा. अम्मी म्हणायची, जरा पाठ टेका. ते म्हणायचे, “पहले माल पौंचना, बाद में नींद.” तिसऱ्या खेपेला सांगोल्याच्या अलीकडे पहाटे त्यांचा डोळा लागला आणि ट्रक रस्ता सोडून शेतात गेला. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून ही गोष्ट एवढ्यावरच थांबली. अब्बांचे दोन दात गेले. गावात त्यांचा हार घालून सत्कार झाला आणि मालकाने दुरुस्तीचे पैसे पगारातून कापले. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात.

अब्बांना कुणी कोणत्या नियमातून सूट दिली नव्हती, कारण त्यांच्यापर्यंत नियमच पोहोचला नव्हता. आपल्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. पण तो कायदा पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता. एक-दोन ट्रकच्या मालकाला तो लागूच नव्हता, आणि जिथे लागू होता तिथे तास मोजायला कोण येणार होतं? अमेरिकेची व्यवस्था किती चांगली हे सांगायला मी ही तुलना करत नाही. सूट देता येण्यासाठी आधी नियम जिवंत असावा लागतो, एवढंच म्हणणं आहे. नियम नसलेल्या ठिकाणी माणूस बाराही महिने आपत्तीत असल्यासारखाच काम करत असतो.

आता शरीराकडे येऊ. झोप आणि दारू यांची तुलना करणारा डॉसन आणि रीड यांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं बिघडतं आणि २४ तासांनंतर ते ०.१० टक्क्यांच्या पातळीला जातं, असं त्यातून दिसलं. अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरसाठी दारूची मर्यादा ०.०४ टक्के आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. कोणत्याही आपत्तीत कुणी म्हणणार नाही की मदत लवकर पोहोचायला हवी, म्हणून ड्रायव्हरना थोडी दारू पिऊन चालवू द्या. जागरणाबद्दल मात्र आपण हे सहज म्हणून जातो, कारण जागरण त्यागासारखं दिसतं.

आणि तासांची सूट दिली की मदत पोहोचते, हेही नेहमी खरं नसतं. २० सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ चक्रीवादळ पोर्तो रिकोवर आदळलं. त्यानंतर सान हुआन बंदरात अन्न, पाणी, औषधांचे हजारो कंटेनर पडून राहिले. माल बेटावर आलेला होता. अडचण पुढची होती. रस्ते अडलेले, डिझेलची टंचाई, मोबाइल टॉवर पडलेले, त्यामुळे ड्रायव्हरना निरोपच जात नव्हता. त्यातल्या अनेकांची स्वतःची घरं उडालेली होती. अशा ठिकाणी ‘जास्त तास चालवा’ या परवानगीचा उपयोग काय? तिथे डिझेल, फोन, मोकळे रस्ते आणि जास्त ड्रायव्हर लागत होते. तासांची सूट हा सरकारसाठी सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याला तिजोरीतून काही काढावं लागत नाही, एका सहीत काम होतं. खर्च कुणाच्या तरी झोपेतून वळता होतो. म्हणून ती देताना सोबत दुसरं काय दिलं, हे विचारायला हवं.

माझ्या मते चार गोष्टी सुटीसोबत यायला हव्यात. पहिली, तास मोजणं आणि दाखवणं एक मिनिटही थांबू नये. मर्यादा उठू शकते, मोजमाप उठू नये. दुसरी, लांबच्या मदत खेपेला शक्य असेल तिथे दोन ड्रायव्हर द्यावेत आणि मदत केंद्राजवळ ट्रक लावून झोपायला सुरक्षित जागा असावी. तिसरी, मर्यादेपलीकडच्या तासांना आणि त्यानंतरच्या सक्तीच्या विश्रांतीला मोबदला मिळावा. खरोखर तातडी असेल तर तो खर्च परवडेल आणि परवडत नसेल तर तातडी तपासून पाहावी. चौथी, मुदत वाढवायची तर आधीच्या मुदतीत किती खेपा या सुटीखाली झाल्या आणि किती अपघात झाले, हे लोकांसमोर ठेवावं.

यातली पहिली गोष्ट माझ्या हातात होती. त्या तक्रारीनंतर मी माझं बटण पुन्हा लिहायला घेतलं. आमच्याकडेही चर्चा झाली. एकजण म्हणाला, कायद्याने बंद करायची परवानगी आहे ना, मग ग्राहकाने मागितलेलं तेवढं द्या. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता. मीही आधी तसंच केलं होतं. पण कायद्याने ‘बंद करू शकता’ म्हटलंय, ‘बंद कराच’ म्हटलेलं नाही, आणि या दोन वाक्यांमधली जागा आमच्यासारख्यांनी भरायची असते. शेवटी मॅनेजर म्हणाल्या, दाखवून काय बिघडतं?

आता सूट चालू असली तरी घड्याळ चालू राहतं. किती तास चालवलं आणि शेवटची सलग विश्रांती कधी झाली, हे ड्रायव्हरला मोठ्या अक्षरांत दिसतं. बटण दाबताना कोणती घोषणा, कोणता माल आणि कधीपर्यंत, हे भरावंच लागतं. तारीख उलटली की सूट आपोआप बंद होते, ती चालू ठेवायची तर कुणीतरी नावानिशी पुन्हा भरावी लागते. आणखी एक छोटं बटण आहे : ‘मला विश्रांती हवी आहे’. ते दाबल्याची वेळ नोंदली जाते आणि कंपनीला ती पुसता येत नाही. याने जग बदललं नाही. पण उद्या त्या माणसाला कुणी विचारलं की तू तेव्हा का बोलला नाहीस, तर तो बोलला होता याचा पुरावा राहील.

हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखे इंजिनीअर असतील. काहीजण जेवण, पार्सल, औषधं पोहोचवणारी ॲप बनवत असतील आणि काहीजण तीच ॲप हातात घेऊन मोटारसायकलवर फिरत असतील. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात ड्रायव्हर, क्लीनर, हमाल आहेत किंवा होते. पूर आला की आपल्या मोहल्ल्यातली पोरं टेम्पो भरून निघतात, आणि हे चांगलंच आहे. पुढच्या वेळी निघताना टेम्पोत दुसरा चालवणारा बसवा. वहीत किती पाकिटं गेली हे लिहिता, तसं कोण किती तास जागा आहे तेही लिहा. आणि तुमच्यातला कुणी ‘आता मला झोपायचंय’ म्हणाला तर त्याला चिडवू नका. त्याच्या हातातली किल्ली घ्या आणि त्याला अंथरूण दाखवा.

अब्बांना मी नवा पडदा मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो आकडा बघितला आणि विचारलं, हे मालकालाही दिसतं का? म्हटलं, दिसतं. ते म्हणाले, मग ठीक आहे.